अकरा जीबीचं लगीन

…म्हणजे जागा आहे, पण मावत नाही! आता हे माणसांना कसं समजावून सांगायचं, तुम्हीच सांगा मला. पण थांबा, त्याच्या आधी माफी मागून घेतो. मी शाळा नववीत सोडली, त्यामुळे ह्या कागदांवर ऱ्हस्वदीर्घाचा पार चिवडा झालेला आहे आणि शब्दही साधेच आहेत, पुस्तकातले नाहीत. तुम्हाला ऐकताना ते दिसणार नाही म्हणा, पण माझं मला दिसतंय ना… मधेच अडखळलो तर समजून घ्या. तोंडपाठ बोललो असतो, पण चार माणसांसमोर उभं राहिलं की माझं पाठ केलेलं सगळं उडून जातं, म्हणून लिहून आणलंय.

तर जागा आहे, पण मावत नाही. बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह, आतून धुऊन पुसून कोरा, आणि अकरा जीबीची एक फाईल त्यात जाईना. लंकाकाकू पाटावर बसून माझ्या तोंडाकडे बघतायत, दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, टीव्ही, पीठ, कोंबड्या, सगळं चढलेलं, आणि मी त्यांच्या ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन घामाघूम. दिवाळी होऊन गेलेली होती हो, थंडी होती. तरी घाम.

माझं नाव कानिफनाथ. पाथर्डीच्या अलीकडे आमचं गाव, फाट्यावर माझं मोबाईल रिपेरिंगचं पत्र्याचं दुकान. काम काय, तर काचा लावायच्या, रिचार्ज मारायचा, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांना पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून द्यायची. पाच-सहा महिने माणूस उसाच्या फडात राहणार, त्याला गाणी लागतात. आता एवढ्यावरून गावाने ठरवून टाकलं की कानिफला कॉम्प्युटर येतो. येत नाही असं सांगायलासुद्धा अंगात धमक लागते, ती माझ्याकडे नाही. मला नाही म्हणताच येत नाही, लहानपणापासून. मास्तर विचारायचे कळलं का, मी म्हणायचो हो. असं हो हो करत करतच नववी आली आणि पुढे काय झालं ते तुम्हाला सांगितलंच.

तर त्या दिवशी सकाळी सात वाजता लंकाकाकूंचा निरोप आला, लॅपटॉप घेऊन ये, आम्ही अकराला निघतोय. त्या आणि त्यांचे मालक सुनीलतात्या दरवर्षी तोडीला जातात. तात्या ट्रॅक्टर चालवतात, काकू कोयता. वैशाखात त्यांच्या निकिताचं लग्न झालं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने व्हिडिओ द्यायला दिवाळी गाठली, तोवर निकिता नवऱ्याबरोबर त्यांच्या टोळीत कर्नाटकात गेलेली. चिकोडीकडे कुठल्याशा कारखान्यावर. आणि काकूंनी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर टीव्ही म्हणतो, आत काहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओच आहे, बघतील नंतर कधीतरी. तसं नाही. आमच्याकडे रीत अशी की लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने बघायचं नाही. मांडवात मंगलाष्टका चालू झाल्या की आईने घराच्या मागे जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं. काकूही बसल्या. एकुलती एक लेक, उभं आयुष्य ऊस तोडून तिचं लगीन लावलं, आणि नेमकं लगीन लागतानाच ह्यांची मांडवाकडे पाठ. मला म्हणाल्या,

"कानिफ, मला बाकी काय नगं. तेवढ्या अक्षता पडत्याल्या बगायच्या हायती."

झालं! आता ह्याच्यावर नाही म्हणणारा माणूस तुमच्यात कोणी असेल तर त्याने हात वर करावा. नाही ना?

मी बघितलं तर साधीच भानगड होती. तुम्हाला सांगतो, पेन ड्राइव्ह म्हणजे नुसतं वावर. त्याला फॉरमॅट मारायचं म्हणजे बांध घालायचे, गट पाडायचे आणि कुठल्या गटात काय पेरलंय त्याची एक वही ठेवायची. ती वही लिहायच्या दोन-तीन पद्धती आहेत, एक जुनी आणि बाकी नव्या. शूटिंगवाल्याने वही लिहिली नव्या पद्धतीने आणि काकूंच्या जुन्या टीव्हीला वाचता येते फक्त जुनी. पीक आहे जागेवर, पण उतारा टीव्हीला वाचता येईना, म्हणून तो म्हणतो वावर पडीक आहे. एवढंच.

मग मी काय केलं? शहाण्यासारखं केलं बरं का, अगदी शहाण्यासारखं. लग्न आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं, उघडून बघितलं, मग पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला. फॉरमॅट करू का, सगळं पुसलं जाईल, असं त्याने विचारलं. मी नेहमीप्रमाणे हो म्हटलं. आणि मग लग्न परत आत टाकायला गेलो, तर लॅपटॉप म्हणतो, फाईल फार मोठी आहे, इथे बसणार नाही. अरे, बत्तीसात अकरा बसणार नाहीत? मला गणितात पस्तीस पडायचे, पण एवढं मलाही कळतं!

आक्काआजी म्हणजे लंकाकाकूंच्या सासूबाई. त्या सुपारी कातरत शेजारीच बसलेल्या. त्यांनी विचारलं, जागा हाय का न्हाई? मी म्हटलं, आहे. मग मावत का न्हाई? मी म्हटलं, आजी, जागा आहे, पण मावत नाही. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या आईकडे मास्तर बघायचे.

नशिबाने श्रीमंत मुकादम आले. टोळीचे प्रमुख, नाव श्रीमंत, सगळे नाना म्हणतात, गळ्यात उपरणं, हातात नारळाची पिशवी. त्यांना मी सरकारी फॉर्मवरून समजावलं. म्हटलं, नाना, फॉर्मवर नाव लिहायला चौकोनी घरं असतात का नाही? माझंच नाव बघा, वडिलांचं आणि आडनाव धरून लिहीत गेलो तर आडनावाच्या मधेच घरं संपतात. खाली अर्धं पान मोकळं असतं, पण साहेब घेत नाही, म्हणतो घरात लिहा. तसं ह्या जुन्या वहीत फाईलचा आकार लिहायला जो रकाना आहे तो चार जीबीपर्यंतच भरतो. चारच्या वरचा आकडा त्यात लिहिताच येत नाही. मग वावर केवढं का असेना.

नानांना पटलं. म्हणाले, मंग नवी वही घाल. मी म्हटलं, नवी घातली तर लग्न मावतं, पण टीव्हीला दिसत नाही. जुनी घातली तर टीव्हीला दिसतं, पण लग्न मावत नाही. नाना म्हणाले, म्हंजी आमच्या फडातली कोपी, पाल्याची झोपडी. तिथं निजायला मावतो, पन उबं ऱ्हायला मावत न्हाई.

बघा, हेच शिकलेल्या माणसाला कळायला वेळ लागतो.

एकच उपाय होता, लग्नाचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा चारच्या आत, म्हणजे तीन तुकड्यांत भागतं. फुकटातलं एक सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे, त्याला नुसता आकार सांगायचा, ते आपलं कापत जातं. पण "तुकडे" हा शब्द मी तोंडातून काढला आणि फसलो. आक्काआजी म्हणाल्या, पोरीच्या लगनाला सा म्हैने न्हाईत झालं आन तू तुकडं करतुस? मी म्हटलं आजी, खरं लग्न शाबूत राहतं, ही फक्त फाईल… आणि बटण दाबून टाकलं. पुढे लॅपटॉपने पहिला तुकडा कापून दिला, तो कुठे तुटला असेल? मंगलाष्टका संपत आलेल्या, निकिता इकडे, नवरदेव तिकडे, मधे अंतरपाट धरलेला, आणि खलास! चार जीबी भरले. त्याला काय कळतंय हो, त्याला मुहूर्त नाही, आकार कळतो.

आजींनी ते बघितलं आणि उठून उभ्याच राहिल्या.

"कुटं बी तोड, पर अंतरपाट धरून पोरीला उबी ठिवू नगंस. सुटंल तवा सुटंल, आसं करू नगंस."

मग हाताने कापायला बसलो. हळद एक तुकडा. लगीन, अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत सगळं, एक तुकडा. आणि राहिलं जेवण. आता शूटिंगवाल्याने जेवणाचं काय केलं होतं माहिती आहे का? पंगतीतल्या एकेका माणसापुढे कॅमेरा धरला होता. माणूस लाजतो, घास तसाच हातात धरतो, मग चावतो, मग पुढचा माणूस. दोन तास! जेवण आणि पाठवणी मिळून पाच जीबी झाले, म्हणजे लग्नापेक्षा जेवण मोठं, आणि तेही मावेना. शेवटी पंगत फोडली. जेवण एक, जेवण दोन. चार तुकडे झाले आणि दहा वाजून गेले, आणि तेवढ्यात लाईट गेली.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे म्हातारं माणूस, वीस मिनिटं बसतं की आडवं होतं. आणि पेन ड्राइव्ह इतका सावकाश लिहिणारा की सगळं उतरवायला पाऊण तास. तात्या म्हणाले, काळजी करतुस व्हय, ट्रॅक्टरच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडलाय, टीव्हीसाठीच घेतलाय, चढ वर. मी चढलो. ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला, पिठाच्या डब्यावर गोधडी, गोधडीवर मी, मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर पुढे ट्रॅक्टरला, एका बाजूला कोंबड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला आक्काआजी. तुम्हाला सांगतो, त्या ट्रॉलीत बोट शिरायला जागा नव्हती आणि तीन कुटुंबांचा संसार मावला होता. आणि माझ्या मांडीवर… जाऊ द्या.

कॉपी चालू केली आणि अकराच्या ठोक्याला नानांनी चाकापुढे नारळ फोडला.

मी म्हटलं, नाना, पाऊण तास. नाना म्हणाले, उतर की मग. आता उतरू कसा? चालू कॉपीत पेन ड्राइव्ह काढायचा नसतो हो! माल उतरवून झाला तरी वहीत नोंद व्हायची बाकी असते. मधेच ओढला तर कोणत्या गटात काय टाकलं ते त्याचं त्यालाच सापडत नाही. बरं, लॅपटॉप ठेवून एकटा उतरू, तर लग्नाची आता जगात एकच प्रत, ती माझ्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप ट्रॅक्टरला बांधलेला. आणि नारळ फुटून गाडी हलली की करंजीचा घाट उतरेपर्यंत ती थांबवायची नाही, हा टोळीचा नेम. मधे थांबवली की वर्षभर चाक पंक्चर होतं म्हणतात. मी नानांकडे बघून म्हटलं, थांबा ना जरा. पण हे मी इतक्या हळू म्हटलं की मलाच नीट ऐकू आलं नाही.

गाव मागे गेलं. माझं दुकान पण मागे गेलं, कुलूप लावलेलं दिसलं. दारात दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी हात केला, त्यांनीही केला. त्यांना वाटलं असेल, कानिफ यंदा तोडीला निघाला.

मी आपला पडद्याकडे डोळे लावून. कॉम्प्युटर फाईली कशा उचलतो, तर नावाच्या अक्षराप्रमाणे. मी नावं ठेवलेली जेवण एक, जेवण दोन, लगीन, हळद. ज आधी, मग ल, मग ह. म्हणजे माणसाची हळद होते, मग लगीन, मग जेवण, आणि ह्याचं सगळं उलटं. दोन्ही पंगती जेवून उठल्या तेव्हा घाट लागला होता. लगीन आत जायला लागलं. साठ टक्के… सत्तर… मी दोन्ही हातांनी पेन ड्राइव्ह धरून बसलो, पोराला ताप आल्यावर कपाळ धरावं तसा. एका वळणावर खड्डा आला, पाटी कलंडली, एक कोंबडी माझ्या तोंडावर आली, मी तिला आवरायला एक हात काढला आणि…

पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत होता आणि लॅपटॉप पायाशी. वायर ओढली गेली, इन्व्हर्टरमध्ये काहीतरी चटकन जळलं, वास आला.

घाटाखाली चहाला थांबलो तेव्हा बॅटरीवर लॅपटॉप लावून बघितला. लॅपटॉपमधलं लग्न शाबूत होतं, पण पेन ड्राइव्ह घातला तर तो मला विचारतो, ही डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, फॉरमॅट करायची का? दोन्ही पंगती जेवून गेलेल्या, त्यांचासुद्धा पत्ता नाही. आणि बॅटरी तेवढ्यात गेली.

आता बघा, इथून मला परत जाता येत होतं. समोरून पाथर्डीकडच्या जीपा जात होत्या, एक तर माझ्यासाठी हळूही झाली. मला नुसतं म्हणायचं होतं, काकू, आता चार्जिंग नाही, पुढच्या वर्षी बघू. त्या फाईलकडे बघा, तिला लाज नाही, भीड नाही, सरळ सांगते मावणार नाही, विषय संपला. मला ते एवढ्या वर्षांत जमलेलं नाही. काकू चहाचा कप घेऊन आल्या, माझ्या हातात दिला आणि पदराने माझ्या लॅपटॉपवरची धूळ पुसली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! मी चहा प्यायलो आणि परत पिठाच्या डब्यावर जाऊन बसलो. जीपवाला निघून गेला.

नगर मागे पडलं, उन्हं कलली, श्रीगोंद्याला टोळीच्या तळावर पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. कारखान्याच्या अलीकडे मोकळं रान, कोप्या उभ्या करायचं काम चालू, आणि रस्त्याला एक चहाची टपरी. टपरीवाल्याच्या बोर्डात लॅपटॉप लावला, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, ह्या वेळी फक्त "लगीन" तेवढं टाकलं आणि पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर हात झाकून बसलो. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. टीव्ही टपरीच्याच बाकावर ठेवला. टोळी जमली. आक्काआजी म्हणाल्या, रीत म्हंजी रीत, लंके, तू बगू नगंस. काकू म्हणाल्या, आत्या, लगीन लागून गेलं की आता, आता काय हुतंय. आणि पुढे येऊन बसल्या.

दिसलं हो. एवढ्या दिवसात पहिल्यांदा त्या टीव्हीला काहीतरी दिसलं. मंगलाष्टका झाल्या, सावधान झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वाजंत्री लागली… आणि निकिता हातात हार धरून भलतीकडेच बघते. नवरदेव मान वाकवून उभा, बायका म्हणतायत अगं म्होरं बघ, हार घाल, आणि ही मान वळवून उजवीकडे. आमच्यातलं कोणीतरी हसलं, म्हणालं पोरगी भेदरली. शूटिंगवाल्याला पण तसंच वाटलं असणार, त्याने तेवढ्यात मधे एक गुलाबाचं फूल गरगर फिरवून टाकलेलं.

लंकाकाकू म्हणाल्या,

"त्या अंगाला घराचं मागलं दार हाय."

एवढंच म्हणाल्या. कोणी हसलं नाही मग. मागच्या दाराला तुळस, तुळशीपाशी त्या दिवशी कोण बसलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी मान खाली घालून उगाच वायर गुंडाळायला लागलो. जरा वेळाने आक्काआजींनी माझ्या पाठीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, परत लाव. मी परत लावलं. नऊ वेळा लावलं. टपरीवाल्याने तिसऱ्या वेळेनंतर गिऱ्हाईकाला चहा देणंच सोडलं.

सुटलो, मला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं ना? मी लॅपटॉप पिशवीत घातला, सकाळची पाथर्डीची एसटी किती वाजता ते विचारून ठेवलं. तेवढ्यात काकू आल्या. म्हणाल्या, निकिताशी फोनवर बोलले, ती रडली. तिलापण बघायचंय म्हणते. मी म्हटलं काकू, तिने तर लग्न केलंय, ती तर तिथे होती…

"तिनं कुटं बगितलंय, कानिफ? तिच्या डोळ्याम्होरं तर अंतरपाट हुता."

आता हे खोटं आहे का? तुम्ही सांगा. मोबाईलवर पाठवू म्हटलं, तर तळावर रेंज बोलण्यापुरतीच आणि फाईल तीन जीबीची. पेन ड्राइव्ह कोणाबरोबर पाठवू म्हटलं, तर निकिताच्या टीव्हीला कोणती वही वाचता येते ते कोणालाच माहीत नाही. निकिता म्हणते टीव्ही लाल रंगाचा आहे. जावई म्हणतो भारीतला आहे. जागा आहे का, मावेल का, दिसेल का, हे तिथे जाऊन लावल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि हे सगळं त्या माउलीला समजावून सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी हे कशासाठी सांगतोय… मी थांबलो. पण तोवर त्या जातोस का म्हणून विचारत होत्या आणि मी हो म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी श्रीगोंद्याच्या स्टँडवर होतो. पाथर्डीची गाडी समोरच लागलेली, कंडक्टर हाका मारतोय, खिडकीची सीट मोकळी. आणि मी पिशवी छातीशी धरून चौकशीच्या खिडकीत वाकलो होतो आणि विचारत होतो, साहेब, चिकोडीला जायला कुठली गाडी?